मागं वळून बघायचं नाही

आमच्या घरात माणसांपेक्षा कापसाला जागा जास्त होती. दिवाळी झाली की वेचणी सुरू व्हायची, आणि मग रोज संध्याकाळी गाडीभर कापूस घरात यायचा. मागची मोठी खोली त्याचीच. आमचा सालदार रायसिंग पायानं कापूस तुडवत तुडवत वर चढत जायचा. शेवटी त्याचं डोकं छताच्या किलचनाला टेकायचं, तेव्हा तो पोटावर सरपटत बाहेर यायचा आणि पांढरी भुवई पुसत म्हणायचा, ‘आता मुंगी जायाला पण जागा नाही.’ मग दार लोटायचं, दोघांनी खांदा लावायचा, कडी घालायची, कुलूप लावायचं. तरी दाराच्या खालच्या फटीतून कापूस बाहेर डोकावायचाच. त्या खोलीवरून गेलं तरी अंगाला खाज सुटायची. सरकीचा तो तेलकट, कोंदट वास आमच्या कपड्यांना, भाकरीला, केसांना लागलेला असायचा. शाळेत बाकावर शेजारी बसलेली मुलगी नाक मुरडायची, तर मीही तिला म्हणायचे, ‘तुमच्या घरी नसंल कापूस, म्हणून तुला वास येतो.’ तोंडाळ होते मी, आजही आहे.

आमचं गाव कळसाडीच्या अलीकडे. आजूबाजूला ऊस, केळी, कापूस. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याचा भोंगा वारा असला की आमच्या ओट्यावर ऐकू यायचा. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एकच तत्त्व होतं: घाई करील तो भाव गमवील. लोक संक्रांतीला कापूस विकून मोकळे व्हायचे, आबा आखाजीपर्यंत धरून ठेवायचे. आखाजी म्हणजे तुमची अक्षय्यतृतीया. पण आमच्या खान्देशात ती दिवाळीपेक्षा मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या झाडांना झोके बांधतात, आणि पितरांच्या नावानं घागर भरतात. म्हणजे ऐन वैशाखात, घराच्या भिंती भट्टीसारख्या तापलेल्या असताना, आमच्या मागच्या खोलीत छतापर्यंत कोरडाठाक कापूस. आज हे लिहिताना माझ्याच अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र कुणाला काही वाटायचं नाही. अख्ख्या गावाचं तसंच होतं.

घर चालवायची फुई. फुई म्हणजे आबांची थोरली बहीण, माझी आत्या. तरुणपणीच कपाळ पांढरं होऊन भावाकडे परत आली ती आमचीच होऊन राहिली. माझी आई माझ्याच बाळंतपणात गेली. फुई सांगायची, तिला वारा लागला. खिडकी कुणीतरी उघडी ठेवली होती म्हणे, पहाटेचा गार वारा अंगावर आला, ताप चढला, आणि दातखीळ बसली ती सुटलीच नाही. आता मला कळतं की तो वारा नव्हता, आणखी काहीतरी असणार. नाळ कापायची न उकळलेली विळा-सुतळी, नाही तर दुसरं काही. पण फुईच्या डोक्यात ती उघडी खिडकी कायमची बसली. मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, विमलताईला, तिनंच वाढवलं. तिच्या हातची कळण्याची भाकर आणि वर लसणाचा ठेचा मी अजून तोंडात आणू शकते. तिच्या हातचा मारही.

वाऱ्याच्या खालोखाल फुई भ्यायची ती विस्तवाला. इतकी जपणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. चूल निजवताना निखारे एकेक करून मडक्यातल्या पाण्यात बुडवायची, राख उकिरड्यावर टाकण्याआधी त्यात हात घालून बघायची. कंदील कापसाच्या खोलीच्या अंगाला न्यायचा नाही. रायसिंगनं विडी प्यायची ती वेशीबाहेर. एकदा तो परसात विडी ओढताना सापडला, तर तिनं त्याच्या अंगावर भांड्याचं खरकटं पाणी फेकलं होतं. शेजारणी विस्तव मागायला यायच्या तेव्हा, काडीपेटी असली तरी विस्तव मागायची सवय होतीच बायकांना, फुई गोवरीवर निखारा ठेवून वर दुसरी गोवरी झाकायची आणि वेशीपर्यंत ओरडत राहायची, ‘झाकी लय वं माय, झाकी लय!’ गावातल्या बायका तिची नक्कल करायच्या. अशा घराला आग लागावी, यावर गावाचा पुढे कित्येक वर्षं विश्वास बसला नाही.

त्या वर्षी ताईचं पहिलं बाळंतपण होतं. होळी झाल्यावर तिला आणली, आणि चैत्र लागता लागता मुलगा झाला. गोरापान, डोक्यावर हे एवढं जावळ. फुईनं ताईला मधली खोली दिली होती. त्या खोलीला बाहेरची खिडकी नव्हती, म्हणून तिच्या मते ती सगळ्यांत चांगली. फक्त एक दार होतं, कापसाच्या खोलीत उघडणारं. ते तर कापूस भरल्यावर उघडणं शक्यच नव्हतं. पण फटी होत्या. फुईनं ओंजळ ओंजळ कापूस घेऊन त्या दाराची एकेक फट बुजवली. उंबऱ्याखाली, चौकटीभोवती, भिंतीतल्या कोनाड्याच्या भोकात. जिथं जिथं वाऱ्याचं बोट शिरेल तिथं कापूस कोंबला. मी तिला ओंजळी भरून देत होते. ती हसून म्हणाली, ‘आते देखू कसा येस वारा!’ माझ्या आईशीच बोलत होती ती, असं मला वाटतं.

खाटेखाली शेगडी. सकाळ-संध्याकाळ तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी द्यायची. बाळाला त्या धुरावर उलटं-सुलटं धरायचं, ताईनं केस सोडून बसायचं. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, बाजरीची भाकर तुपात बुडवून. ताई घामानं निथळत असायची. ऐन उन्हाळ्यात, बिनखिडकीच्या खोलीत, शेगडीवर! मला तिच्या सोबतीला बसवत, तर मी थोड्या वेळानं पळून जाऊन रांजणापाशी अंग टेकायचे. तिला ती सोय नव्हती. सव्वा महिना खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, ही घराची रीत. घरभर त्या धुरीचा वास असा भरला होता की आंब्याच्या रसालाही ओव्याची चव लागायची.

आणि रोज दिवेलागणीला दृष्ट. पोर देखणं होतं, बघायला येणाऱ्या बायका ‘काय वं गोरं!’ म्हणून जायच्या, आणि त्या गेल्या की फुईचा जीव खालीवर व्हायचा. कापसाची लांब वात वळायची, तेलात भिजवायची, बाळावरून आणि ताईवरून उतरवायची, चिमट्यात धरून पेटवायची. वात तडतडली की म्हणायची, ‘देख, कितली लागेल व्हती!’ मग ती जळती वात, मीठ-मोहरी आणि शेगडीतले दोन निखारे एका खापराच्या तुकड्यावर घेऊन बाहेर जायचं आणि टाकून यायचं. खरी रीत तिठ्यावर टाकायची. पण तिठा लांब, आणि बाळंतिणीला एकटी सोडायला फुई तयार नव्हती. म्हणून ती परसदारी जायची, उंबऱ्यात पाठमोरी उभी राहायची आणि डाव्या खांद्यावरून ते खापर मागच्या कोपऱ्यात भिरकावून सरळ आत यायची. मागं वळून बघायचं नाही. बघितलं की दृष्ट परत घरात येते. मी एकदा तिच्यामागून डोकावले, तर माझ्या थोबाडीत बसली. ‘मांगे वळीसन देखानं नही, सांगं ना तुले!’

तो कोपरा कुठला, तर कापसाच्या खोलीचं परसातलं दार जिथं होतं त्याच्या हातभर अलीकडचा. ज्या दाराखालून कापूस डोकावत होता, तेच दार. चुलीचा निखारा पाण्यात बुडवणारी, राखेत हात घालून बघणारी ही बाई रोज संध्याकाळी जळती वात न बघता तिकडे फेकत होती. हे मला आज इतकं स्वच्छ दिसतं की ओरडावंसं वाटतं. पण त्या घरात कुणालाच ते दिसलं नाही. चुलीतला तो विस्तव, विडीतला तो विस्तव, कंदिलातला तो विस्तव. खापरावर जळत होती ती दृष्ट. तिला विस्तव म्हणून कुणी धरलंच नव्हतं.

आता माझ्या सूनबाईचंच बघा. शिकलेली पोर, लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवते. गॅसची नळी वेळेवर बदलते, रेग्युलेटर बंद केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. पण मोबाइल उशीखाली चार्जिंगला लावून झोपते, आणि एकाच बोर्डात फ्रीज, मिक्सर, इस्त्री. मी बोलले की म्हणते, ‘आई, तुम्ही शाळेत मास्तरीण व्हायच्या ऐवजी अग्निशामक दलात का नाही गेलात?’ म्हण बाई. तिच्या लेखी गॅस ही आग, आणि उशीखालचं ते काळं डबडं म्हणजे फोन. प्रत्येक पिढीचं असं एक खापर असतं.

आखाजीला तीन-चार दिवस असतील. ताई म्हणाली, ‘फुई, बळेल चिंधीना वास ई ऱ्हायना.’ जळक्या चिंधीचा वास येतोय. फुईनं नाक वर करून दोनदा हुंगलं. ‘धुरीना शे बाई.’ दुसऱ्या दिवशी ताई परत म्हणाली. या वेळी आबांना सांगितलं. आबा दारातच उभे राहिले, बाळंतिणीच्या खोलीत पुरुष माणूस कसा जाणार, आणि तिथूनच म्हणाले, ‘शिवारात पाचट जाळतायत विमल, त्याचा असंल.’ आणि ते काही खोटं नव्हतं. ऊस तुटून गेला होता, लोक शेतातलं पाचट पेटवत होते, संध्याकाळी आभाळ तांबूस व्हायचं आणि काजळीच्या तारा अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर येऊन पडायच्या. सगळ्या शिवारालाच जळका वास होता. तरी फुईनं चूल बघितली, उकिरडा बघितला, रायसिंगचं तोंडही हुंगलं. आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी म्हणतात ना, तसं. सगळीकडे शोधलं, कापसाची खोली सोडून. तिला तर कुलूप होतं. कुलूप असलेल्या खोलीत आग शिरणार कशी?

ताई गप्प बसली असती तर बाळंतीण शहाणी ठरली असती. पण ती बोलत राहिली. म्हणाली, भिंत तापलीय. तिची खाट कापसाच्या खोलीच्या भिंतीला लागून होती. फुई म्हणाली, ‘वैशाख शे बाई, बठ्ठं गावच तपी ऱ्हायनं.’ ताईनं मला हाताला धरून ओढलं, ‘मंगी, तू गाल लाव बरं.’ मी गाल लावला. भिंत गरम होती. मग मी समोरच्या भिंतीला लावला, तीही गरम होती. कुठली जास्त, ते मला सांगता येईना, आणि ताई माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की मला रडू आलं. तिला फक्त कुणीतरी हो म्हणायला हवं होतं.

मग किडे आले. कापसात लाल किडे असतात, ते एरवी कापूस सोडून हलत नाहीत. पण त्या दिवशी दुपारी फटीत कोंबलेल्या कापसातून ते बाहेर यायला लागले, ओळ धरून, खाटेखालून, उंबऱ्याकडे. फुईनं केरसुणीनं सुपात भरले आणि उकळतं पाणी ओतलं. पण सूप खाली ठेवताना ती किड्यांकडे नाही, ताईकडे बघत होती, ते मी पाहिलं. ती किड्यांना घाबरली नव्हती. तिला वाटलं, ताईला बाहेरचं लागलं. वास येणं, भिंतीचं काहीबाही बोलणं, झोप न येणं; माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं म्हणे. त्या दिवसापासून फुईनं धुरी दोनाची चार वेळा केली. आणि दृष्ट फक्त दिवेलागणीला काढायची ती सकाळीही काढायला लागली. म्हणजे ताई जितकी जास्त सांगायची तितका घरात धूर वाढायचा, आणि तितकी खापरं त्या कोपऱ्यात पडायची. एवढ्या धुरात खरा वास कुणाला येणार होता? फुई ताईच्या केसांतून हात फिरवत राहायची. ‘मी शे ना तुन्हाजोडे. तुले काय व्हऊ देस का मी?’ आणि ते खरंच होतं. तिनं स्वतःचा जीव ओवाळून टाकला असता ताईवरून. तिनं काय केलं ते पुढं सांगतेच.

आखाजीचा दिवस उजाडला तो वाऱ्यानंच. दुपारपर्यंत नुसता फुफाटा. तरी निंबाखाली झोक्यांवर पोरीबाळी गाणी म्हणत होत्या, त्यांचे सूर वाऱ्याबरोबर कमी-जास्त होत आमच्या स्वयंपाकघरात येत होते. फुईनं पहाटेपासून खापरावर मांडे केले होते, पुरणाचे, परातीएवढे. आमरसाचं पातेलं ओल्या फडक्यानं झाकलेलं. आईच्या नावाची घागर पाटावर मांडली होती, तिच्यावर आंबा आणि सांजोरी. आबा अंघोळ करून, उपरणं घेऊन चुलीपुढे बसले होते. आगारी टाकायची वेळ झाली होती, म्हणजे पितरांसाठी निखाऱ्यावर तूप आणि घास घालायचा, आणि तोवर घरात कुणी घास तोंडात घालायचा नाही. आम्ही सगळे भुकेले. आबांनी तुपाची वाटी उचलली.

आणि ताई दारात उभी राहिली. अंगावर गुंडाळलेली गोधडी, केस मोकळे, बाळ छातीशी. सव्वा महिना झाला नव्हता, आणि समोर पितरांची घागर. फुईच्या हातातलं ताट खाली पडलं.

‘मी तठे नही बसाव आते,’ ताई म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं. ‘कापूस बळी ऱ्हायना, आबा. मन्ही पाठ भाजाय गई.’

तिनं पाठ वळवून गोधडी खाली सरकवली. पाठ घामोळ्यांनी लाल होती; एवढंच दिसत होतं. आबा ओरडले, ‘आत जा! वारा सुटलाय, पोराला घेऊन आत जा आधी!’ ती आत गेली नाही. ती आमच्या सगळ्यांच्या मधून, घागरीच्या अंगावरून, सरळ परसात गेली आणि निंबाखाली उन्हात जाऊन उभी राहिली. मी तिच्यामागे धावले. वाऱ्यानं बाळाच्या अंगावरचं फडकं उडत होतं. फुई उंबऱ्यापर्यंत आली, आणि तिच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं तो राग नव्हता. भीती होती, शुद्ध भीती. तिच्या डोळ्यांपुढे तो वारा पोरीला आणि पोराला लागत होता.

‘कितली भरी बोलू वं तुले?’ ती रडत म्हणाली. ‘आते उघाडीसन दाखाडस तुले खोली. काय नही तठे. देखीसन तं बसशी ना मझार?’ उघडून दाखवते, बघितल्यावर तरी आत बसशील ना?

कमरेच्या किल्ल्या काढत ती त्या कोपऱ्याकडे गेली. बंद खोलीचं दार तापलेलं असेल तर ते उघडू नये. हे मी आता ज्याला त्याला सांगत असते; शाळेत असताना तर दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या दिवशी सांगायचे. हात उलटा करून दाराला लावून बघा, चटका बसला तर तसंच बंद राहू द्या, माणसं बाहेर काढा, आणि लांब जाऊन हाका मारा. आत कोंडलेली आग वाऱ्याची वाट बघत असते. पण त्या दुपारी हे आमच्या गावात कुणाला ठाऊक होतं? फुईच्या हाताला कुलूप चटकलं असणार, कारण तिनं पदर हातावर घेतला. उन्हात कुठलंही कुलूप चटकतंच. तिनं ते काढलं, कडी वर केली, आणि ताईकडे बघून म्हणाली, ‘देख.’

आधी काहीच झालं नाही. आत काळोख होता, आणि पांढऱ्या कापसाला तळाशी एक मोठं काळं बीळ पडलं होतं, एवढं मला दिसलं. मग दारानं श्वास आत ओढावा तसा वारा आत गेला. आणि मग तो आवाज. भप्प. मोठा नव्हता. उलट मऊ होता, पिंजलेल्या कापसाचा असावा तसाच. दाराएवढी आग बाहेर आली, आणि फुई तिच्यात होती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. आबांनी गोधडी टाकून तिला जमिनीवर लोळवलं. रायसिंगनं गोठ्यातली गुरं सोडली. झोक्यांवरची गाणी थांबली आणि अख्खं गाव हंडे-कळश्या घेऊन धावत आलं. पण कापसावर पाणी टाकलं तरी ते वरच्या वर राहतं, आत मुरत नाही. मधल्या खोलीचं दार, ज्याच्या फटी आम्ही कापसानं बुजवल्या होत्या, ते आतल्या आत पेटलं, आणि त्याच फटींतून आग ताईच्या खाटेवर उतरली. खाट, शेगडी, पाळण्याची झोळी, सगळं तिथं जळालं. थोडा वेळ आधी ताई तिथंच बसलेली होती. शहाद्याहून बंब आला तोवर छत खाली आलं होतं.

फुईला केळीच्या पानांवर निजवून शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं. ताई बाळाला घेऊन ट्रॉलीपाशी गेली. मला वाटलं, फुई तिला काहीतरी म्हणेल. तुझं खरं होतं, असं काही. फुईनं डोळे उघडले, बाळाकडे बघितलं आणि पुटपुटली, ‘पोरले वारा लागू दिऊ नको.’ ट्रॉली हलली. वेशीच्या वळणापर्यंत ती मान उचलून घराकडे बघत होती. आबा तिला म्हणत होते, पडून राहा, मागं बघू नकोस. ती ऐकत नव्हती. त्याआधी मी फुईला मागं वळून बघताना कधी पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यातच दवाखान्यात तिनं प्राण सोडला.

कापूस पुढे कित्येक दिवस धुमसत होता. विझला, राख थंड झाली, तेव्हा परसातला तो कोपरा उघडा पडला. जळक्या चौकटीखाली खापरांचा ढीग होता, काळ्या-तांबड्या तुकड्यांचा, रोजचा एक, शेवटी शेवटी रोजचे दोन. गावातली माणसं पंचनाम्याला उभी होती. कुणी म्हणालं पाचटाची ठिणगी, कुणी म्हणालं शेगडी, कुणी रायसिंगच्या विडीवर घातलं. आबा त्या ढिगाकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी पायानं वर माती लोटली, आणि मेलेल्या बहिणीचं नाव त्यांनी किंवा आम्ही कुणीही त्या आगीशी कधी जोडलं नाही. ते बरोबरच केलं, असं मला वाटतं. तिनं माया केली, एवढंच तिचं केलेलं. पण मी आता म्हातारी झाले आहे, आणि कुणीच सांगितलं नाही तर पुढच्या बाया तसंच खापर फेकत राहतील. म्हणून लिहिलं.

ताई आता माझ्याकडेच असते, लोणखेड्याला. तो मुलगा नाशिकला नोकरीत आहे, त्यालाही मुलंबाळं आहेत. ताईला हल्ली फारसं आठवत नाही. दुपारी जेवून आम्ही दोघी पंख्याखाली आडव्या होतो, जरा डोळा लागतो, आणि ती हाताने माझं मनगट धरते. ‘मंगी, कसाना तरी वास ई ऱ्हायना.’ डॉक्टर म्हणतात, या वयात नसलेले वास येतात काहींना, लक्ष देऊ नका. सूनबाई म्हणते, ‘आई, तुम्ही रोज काय उठता? नुसतं हो म्हणा आणि झोपा.’

मी उठते. गुडघे कुरकुरतात, तरी उठते. गॅस बघते, देवापुढचं निरांजन बघते, फ्रीजच्या मागं हात घालते, बोर्डाला हात लावते, सूनबाईची उशी उचलून बघते. प्रत्येक खोलीच्या दाराला आधी उलटा हात लावते, मग उघडते. मग परत येऊन तिच्याजवळ बसते.

‘देखं?’ ती विचारते.

‘देखं, ताई. सगळीकडे देखं.’

‘कापसानी खोली?’

‘ती पण,’ मी म्हणते, आणि मगच ती डोळे मिटते.